पं. द. वि. पलुसकर : एका मायक्रोफोनने जपलेला स्वर

एकलहरे (नाशिक), प्रतिनिधी : अवघे ३४ वर्षांचे आयुष्य लाभूनही हिंदुस्थानी संगीतावर अमीट ठसा उमटविणारे गायक म्हणजे पं. दत्तात्रेय विष्णू ऊर्फ बापूराव पलुसकर. त्यांची मैफल प्रत्यक्ष ऐकलेली पिढी जवळपास सरली आहे. आज त्यांचे गाणे कानी पडते ते तत्कालीन ध्वनिमुद्रणांमुळेच.

पंचवटीवरून एकलहऱ्याकडे वाहत जाणाऱ्या गोदावरीच्या काठी, नाशिक येथे २८ मे १९२१ रोजी बापूरावांचा जन्म झाला. लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापणारे पं. विष्णू दिगंबर पलुसकर हे त्यांचे वडील. १९३१ मध्ये पितृछत्र हरपले, तेव्हा बापूराव जेमतेम दहा वर्षांचे होते. पुढे वडिलांचेच शिष्य पं. विनायकराव पटवर्धन आणि पं. नारायणराव व्यास यांनी त्यांना ग्वाल्हेर गायकीची तालीम दिली. वयाच्या चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात त्यांनी रसिकांची दाद मिळविली.

१९४४ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्या काळचे ध्वनिमुद्रण ही गायकाची कसोटीच असे. गायक, तानपुरा, तबला आणि साथीचे वाद्य या सर्वांसाठी बहुधा एकच मायक्रोफोन असे. प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे नोंदवून नंतर कमीजास्त करण्याची सोय नव्हती. त्यामुळे कोणी किती अंतरावर बसावे, यावरच सारा तोल अवलंबून असे. अंतर दुप्पट झाले की थेट पोहोचणाऱ्या ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. म्हणूनच गायक मायक्रोफोनच्या निकट, तर दणदणीत तबला काहीसा दूर, अशी बैठक मांडावी लागे. एखादी तान चुकली किंवा ठेका डळमळला, तर मुद्रण पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. शिवाय ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटेच मावत. तेवढ्या वेळेत रागाचे रूप उभे करून समेवर थांबायचे असे.

ही शिस्त बापूरावांच्या स्वभावाशी जुळणारी होती. नितळ आवाज, स्पष्ट शब्दोच्चार, नेमकी बढत आणि दाणेदार तान यांमुळे त्यांच्या छोट्या ध्वनिमुद्रिकाही अपुऱ्या वाटत नाहीत. गौडसारंग, श्री, बिलासखानी तोडी हे राग आणि मीरा, तुलसीदास यांची भजने त्यांनी सारख्याच तन्मयतेने गायिली. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांनी तानसेनासाठी, तर बापूरावांनी बैजूसाठी स्वर दिला. नौशाद यांच्या संगीत दिग्दर्शनातील देसी रागाच्या या जुगलबंदीने त्यांचे नाव सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचले.

१९५५ मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळातून ते चीनला जाऊन आले. त्याच वर्षी २६ ऑक्टोबर रोजी मेंदूज्वराने त्यांचे निधन झाले. गायकीला परिपक्वता येण्याचे हेच वय. पुढची तीन-चार दशके ही गायकी कोणत्या उंचीवर गेली असती, हा प्रश्न रसिकांना आजही सलतो.

मागे उरल्या त्या तबकड्या, आकाशवाणीने जपलेली काही मुद्रणे आणि चित्रपटातील जुगलबंदी. आज प्रत्येक वाद्याला वेगळा मायक्रोफोन लावता येतो, सूर नंतर दुरुस्तही करता येतो. बापूरावांच्या मुद्रणांत मात्र सुराची शुद्धता आणि साथीदारांचा समतोल त्या क्षणी जसा साधला, तसाच कायम राहिला आहे. नव्या पिढीच्या गायकांनी या तबकड्या आवर्जून ऐकाव्यात, त्या याचसाठी.