कवी नर्मद आणि सुरतेचे विद्यापीठ

नर्मदाशंकर लालशंकर दवे, म्हणजेच कवी नर्मद, यांचा जन्म २४ ऑगस्ट १८३३ रोजी सुरतेत झाला. त्यांच्या बालपणीच, १८४४ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकर व दुर्गाराम मेहता यांनी या नगरीत मानवधर्म सभा स्थापून सुधारणेचे बीज पेरले होते. पुढे नर्मद मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकले. परंतु पदवी न घेताच बाहेर पडले. १८५८ मध्ये शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय केला. १८६४ साली ‘दांडियो’ नियतकालिक काढले, १८६९ साली विधवेशी विवाह केला आणि एकट्याने शब्द वेचून १८७३ मध्ये ‘नर्मकोश’ पूर्ण केला. या व्रताचे मोल त्यांनी कर्जाने चुकविले. अखेर १८८२ मध्ये त्यांना पुन्हा नोकरी पत्करावी लागली. फेब्रुवारी १८८६ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

सुरतेची महाविद्यालये आधी मुंबईच्या, नंतर अहमदाबादच्या विद्यापीठाशी संलग्न होती. १९६५ च्या कायद्याने दक्षिण गुजरातला स्वतंत्र विद्यापीठ लाभले. २००४ साली त्यास वीर नर्मदांचे नाव देण्यात आले. पदवीविना राहिलेल्या या विद्याव्रतीच्या नावाने आज सुरतेत पदव्या दिल्या जातात.