रीटा हेवर्थला नेमके काय झाले होते?

'द शॉशँक रिडेम्प्शन' हा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तुरुंगातल्या कोठडीच्या भिंतीवरचे ते पोस्टर नक्की आठवेल. पोस्टरवरची नटी म्हणजे रीटा हेवर्थ. स्टीफन किंगच्या ज्या कथेवरून चित्रपट निघाला, तिच्या शीर्षकातही रीटाचे नाव आहे. ती कथा १९८२ साली छापून आली तेव्हा रीटा न्यूयॉर्कमध्ये राहत होती, वय अवघे ६३. पण आपल्या नावाची कथा आली आहे, हे समजण्याच्या अवस्थेत ती राहिली नव्हती.

तिला अल्झायमर्स झाला होता. तो ओळखायला सगळ्यांना फार उशीर झाला. तोवर जगाने तिच्यावर दारुडी असा शिक्का मारून ठेवला होता.

तिचे मूळ नाव मार्गारिटा कार्मेन कान्सिनो. जन्म १७ ऑक्टोबर १९१८, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. वडील एदुआर्दो हे स्पेनमधून आलेले नर्तक, आई व्होल्गा हेवर्थ हीसुद्धा रंगमंचावर नाचणारी. बाराव्या-तेराव्या वर्षापासून मार्गारिटा वडिलांची जोडीदारीण म्हणून नाचू लागली. कॅलिफोर्नियात इतक्या लहान मुलीला नाइट क्लबात नाचू देत नसत, म्हणून बापलेकीचे कार्यक्रम सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या तिहुआनाला होत. शाळा त्यात मागेच राहिली. पुढे चित्रपटात आल्यावर कोलंबिया स्टुडिओने तिचे आडनाव बदलले, काळे केस तांबडे केले, कपाळ रुंद दिसावे म्हणून पुढचे केस विजेच्या उपचाराने मुळापासून काढून टाकले. 'गिल्डा' (१९४६) आला आणि ती जगभर पोहोचली. त्याच वर्षी बिकिनी बेटांवर चाचणीसाठी फोडलेल्या एका अणुबॉम्बवर तिचे चित्र चिकटवले होते. कौतुक म्हणून केलेल्या या प्रकाराने ती संतापली होती, असे तिचा तेव्हाचा नवरा ऑर्सन वेल्स सांगत असे.

या सगळ्यात एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. रीटाची स्मरणशक्ती तल्लख होती. फ्रेड अस्टेअरसारख्या कसलेल्या नर्तकाबरोबर तिने दोन चित्रपट केले. जेवणाच्या सुटीआधी दाखवलेला नाच ती सुटीनंतर बिनचूक करून दाखवायची, अशी आठवण तो सांगे. त्याच बाईला पन्नाशीत दोन ओळींचा संवाद पाठ होईना.

तिची पाच लग्ने झाली आणि पाचही मोडली. त्यातले तिसरे १९४९ साली प्रिन्स अली खान यांच्याशी झाले. हे तिसऱ्या आगाखानांचे चिरंजीव. पुण्यातला आगाखान पॅलेस १८९२ साली बांधला तो याच आगाखानांनी, आणि १९६९ मध्ये तो देशाला दिला तो अली खान यांच्या मुलाने, म्हणजे चौथ्या आगाखानांनी. रीटा आणि अली खान यांची मुलगी यास्मिन डिसेंबर १९४९ मध्ये जन्मली. पुढची कथा खरे तर या मुलीची आहे.

साठच्या दशकापासून रीटा बदलत गेली. एकदम भडकायची, लोकांवर संशय घ्यायची, नंतर काही घडलेच नाही असे वागायची. १९७१ मध्ये ब्रॉडवेवर एका संगीत नाटकात काम करण्याची संधी आली; संवाद पाठ होईनात म्हणून ती सोडून द्यावी लागली. पुढच्या वर्षी आलेल्या 'द रॅथ ऑफ गॉड' या शेवटच्या चित्रपटात तिचे काम एकेका वाक्याचे तुकडे करून चित्रित करावे लागले. १९७४ मध्ये तिचे दोन्ही भाऊ एका आठवड्याच्या अंतराने वारले. ती प्यायची हे खरेच. या दुःखानंतर ते आणखी वाढले. त्यामुळे सगळ्या प्रश्नांना एक सोपे उत्तर मिळाले. विसरते? दारू. चिडते? दारू. जानेवारी १९७६ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विमानातून उतरवताना केस विस्कटलेल्या, भेदरलेल्या रीटाचे फोटो वृत्तपत्रांनी छापले. आज ते फोटो पाहिले की नशेपेक्षा त्या डोळ्यांतला गोंधळ जास्त जाणवतो. आपण कुठे आहोत आणि ही माणसे कोण, हे न कळलेल्या माणसाचा तो चेहरा आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात तिचा कारभार पाहण्यासाठी पालक नेमण्याचा प्रश्न आला, तेव्हाही कागदोपत्री कारण मद्यपानाचेच होते.

डॉक्टरांनाही सगळा दोष देता येत नाही. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराचे वर्णन केले असले, तरी पुढची सत्तर वर्षे तो पासष्टीच्या आतल्या लोकांना क्वचित होणारा विकार मानला जाई. म्हातारपणीचे विस्मरण म्हणजे रक्तवाहिन्या कडक झाल्याचा किंवा निव्वळ वयाचा परिणाम, असा समज होता. आपल्याकडची 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण त्याच समजाची. १९७६ मध्ये न्यूयॉर्कचे मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयातून ठामपणे मांडले, की तरुण वयातला अल्झायमर्स आणि म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश हा बहुतांशी एकच आजार आहे आणि तो मृत्यूच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. वैद्यक जागे होत होते, पण रीटापर्यंत ते पोहोचायला १९८० उजाडले. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये तिचे निदान झाले.

मेंदूला आधीच इजा झालेली असेल तर थोडी दारूही जास्त चढते आणि गोंधळ वाढतो. म्हणजे दारू होतीच, पण तिच्यामागे आजार दडला होता. आजही असे घडते. पन्नाशी-साठीच्या माणसाचा स्वभाव बदलला की घरचे त्याला हट्टीपणा, आळस, म्हातारचळ म्हणून सोडून देतात. उलटही होते: बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा औषधांचा दुष्परिणाम यांमुळे आलेले विस्मरण बरे होण्यासारखे असते, पण त्यालाच अल्झायमर्स समजून कुणी तपासणीला जात नाही. सहा महिने विस्मरण वाढतच असेल, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे किंवा पैशांच्या हिशेबात गोंधळ होऊ लागला असेल, तर फिजिशियन किंवा न्यूरॉलॉजिस्टला दाखवावे.

निदान झाले तेव्हा यास्मिन तिशीत होती. ऑपेरा गायिका व्हावे अशी तिची इच्छा होती. १९८१ मध्ये न्यायालयाने आईची जबाबदारी तिच्याकडे दिली. तिने रीटाला मॅनहॅटनमधल्या सॅन रेमो या इमारतीत आपल्या घराला लागून असलेल्या घरात ठेवले आणि चोवीस तास परिचारिका नेमल्या. हे पैशांमुळे शक्य झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तिने आणखी एक गोष्ट केली, जिला पैसे लागत नव्हते. आईला काय झाले आहे, हे तिने उघडपणे सांगितले. हॉलिवूडच्या सौंदर्यसम्राज्ञीला स्मृतिभ्रंश झाला आहे, हे त्या काळी कुणी चारचौघांत बोलत नसे.

त्याच सुमारास अमेरिकेत अशा रुग्णांची कुटुंबे एकत्र येऊ लागली होती. १९८० मध्ये शिकागोचे व्यावसायिक जेरोम स्टोन यांच्या पुढाकाराने आजच्या अल्झायमर्स असोसिएशनची स्थापना झाली. त्यांची पत्नी याच आजाराने ग्रस्त होती. त्या वर्षी वृत्तपत्रातल्या एका लोकप्रिय सल्ल्याच्या सदरात अशाच एका पत्नीचे पत्र आले, उत्तरात संस्थेचा उल्लेख झाला आणि हजारो पत्रांचा ढीग पडला. जो तो आपल्या घरात एकटाच झुंजत होता. यास्मिन या संस्थेच्या कामात उतरली, आईच्या नावाने निधी जमवणारा वार्षिक सोहळा सुरू केला आणि पुढे जगभरच्या अशा संघटनांच्या महासंघाचे अध्यक्षपदही तिने सांभाळले. रीटा १४ मे १९८७ रोजी गेली, वय ६८. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी तिला आदरांजली वाहिली. सात वर्षांनी त्याच रेगन यांनी आपल्यालाही हाच आजार झाल्याचे देशाला कळवले.

कुटुंबांनी एकत्र बसून बोलल्याने काय साधते, असे कुणी विचारेल. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे पती किंवा पत्नी असलेल्या ४०६ जणांचा बरीच वर्षे अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीची मदत, निम्म्यांना घरच्यांसह समुपदेशन, आधारगट आणि अडचण आली की फोनवर बोलण्याची सोय. दुसऱ्या गटात रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवस उशिरा आली. नव्या औषधांची चर्चा फार होते, तेव्हा हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

ही श्रीमंत देशातली गोष्ट, असेही म्हणता येणार नाही. गोव्याच्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर असाच एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे घरी जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. आजार काय आहे ते समजावणे, रुग्ण रात्री उठला किंवा आरडाओरडा करू लागला तर काय करावे ते सांगणे, काम घरात वाटून घ्यायला लावणे, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवणे, एवढेच त्यांचे काम. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले, त्रास कमी झाला.

भारतात साठीपुढच्या १०० पैकी साधारण सात जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यांना आंघोळ घालणारी, पुन्हा पुन्हा तोच प्रश्न ऐकणारी व्यक्ती बहुतेक घरांत बायको, सून किंवा मुलगी असते. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल असे भावंडांनी, शेजाऱ्यांनी ठरवून घेतले तरी मोठा फरक पडतो. आणि कागदपत्रांचे लवकर पाहावे. रुग्णाची समज गेली की त्याने दिलेले कुलमुखत्यारपत्र कायद्याने चालत नाही, आणि अशा रुग्णासाठी पालक नेमून घ्यायला अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयात जावे लागते. बँक खात्यातली नावे, मृत्युपत्र, वैद्यकीय निर्णय कोण घेणार, हे सारे निदान होताच रुग्णाशी बोलून ठरवता येते. तेव्हा त्याला ते समजत असते.

अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते आणि तिच्या शाखा अनेक शहरांत आहेत. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ या दोन्ही हेल्पलाइन मोफत आहेत. टेली-मानसवर मराठीतही बोलता येते, आणि सांभाळणाऱ्यांनीही तिथे फोन करायला हरकत नाही.