कुळांचा कैवारी : तादेउश कोश्चुश्को

युरोप खंडात जर्मनी व रशिया ह्यांच्या दरम्यान पोलंड नावाचा सपाट देश आहे. त्याच्या उत्तरेस बाल्टिक समुद्र व दक्षिणेस कार्पेथियन डोंगर आहेत. परंतु पूर्वेस व पश्चिमेस निसर्गाने त्यास कोणतेही कुंपण घातलेले नाही. ह्यामुळे शेजारी बलाढ्य झाले की पोलंडची शेते तुडवली जावीत, असा प्रकार वारंवार घडत आला. आम्हां महाराष्ट्रीयांस हे लोक अगदीच परके नाहीत. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीस लागलेली सुमारे ५,००० पोलिश माणसे, त्यांत बहुतेक बायका व मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथे आश्रयास होती. त्यांच्या देशात ज्या पुरुषाचे नाव खेड्यापाड्यांत आदराने घेतले जाते, त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. हा पुरुष सेनापती होता, परंतु त्याचा शेवटचा संग्राम फसला. तो दाता होता, परंतु त्याचे सर्वांत मोठे दान घेणाऱ्यांच्या हाती पोहोचलेच नाही. असे असूनही त्याची आठवण का राहिली, हे पाहण्याजोगे आहे.

तादेउश कोश्चुश्को ह्याचा जन्म १७४६ च्या फेब्रुवारी महिन्यात झाला. त्याचे जन्मस्थान आता बेलारूस देशात आहे. त्या काळी पोलंड व लिथुएनिया ह्यांचे एकत्र राज्य होते व तो मुलूख त्यात मोडत असे. त्याचे घराणे सरदारांपैकी, पण बेताच्या मिळकतीचे होते. देशातील शेतकऱ्यांची स्थिती त्या वेळी फार दीन होती. कूळ जमिनीस बांधलेले असे. धन्याच्या परवानगीवाचून त्यास गाव सोडता येत नसे. आठवड्यातून कित्येक दिवस त्याने धन्याच्या शेतात फुकट राबावे, असा दंडक होता. ऐन सुगीत आपले पीक उभे टाकून त्यास प्रथम धन्याचे पीक कापावे लागे. धन्याने जुलूम केला तर फिर्याद न्यावयाची ती धन्याकडेच. कारण गावचा न्यायनिवाडाही त्याच्याच हाती असे.

कोश्चुश्को बारा वर्षांचा असता त्याचा बाप वारला. पुढे १७६५ मध्ये तो वॉर्सा येथील नव्या लष्करी शाळेत दाखल झाला, व १७६९ मध्ये राजाच्या साहाय्याने पॅरिसला गेला. तेथे त्याने चित्रकला शिकली व किल्ले, खंदक आणि तोफांचे मोर्चे बांधण्याच्या विद्येचा अभ्यास केला. तो परदेशी असता १७७२ मध्ये रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्या तिन्ही शेजाऱ्यांनी मिळून पोलंडचा सुमारे तिसरा हिस्सा वाटून घेतला. दोन वर्षांनी तो स्वदेशी परतला, तेव्हा सैन्यात अधिकाराची जागा विकत घ्यावयास त्याजपाशी पैसा नव्हता. भावाने मिळकतीवर कर्जाचा डोंगर केला होता. एका बड्या सरदाराच्या मुलीवर त्याचे मन जडले, पण गरीब म्हणून तिच्या बापाने त्यास झिडकारले. शेवटी निराश होऊन त्याने देश सोडला.

१७७६ मध्ये तो अमेरिकेत पोहोचला. तेथील वसाहती नुकत्याच इंग्लंडपासून स्वतंत्र होऊ पाहत होत्या, व त्यांस तटबंदी बांधणारे जाणते लोक हवे होते. कोश्चुश्कोस कर्नलचा हुद्दा मिळाला. १७७७ च्या उन्हाळ्यात टायकॉन्डेरोगा किल्ल्याजवळच्या एका उंच टेकडीवर तोफा चढवाव्या, असा सल्ला त्याने दिला. तो कोणी मानला नाही. पुढे इंग्रजांनीच त्या टेकडीवर तोफा चढविल्या व अमेरिकनांस किल्ला सोडून पळावे लागले. त्याच वर्षी साराटोगा येथे मोर्चे बांधण्याची जागा त्याने निवडली, आणि १७ ऑक्टोबर रोजी तेथे इंग्रजांची सबंध फौज शरण आली. त्यानंतर हडसन नदीवरील वेस्ट पॉइंटची तटबंदी बांधण्यात त्याने दोन वर्षांहून अधिक काळ घालविला. ह्या काळात अग्रिपा हल नावाचा एक स्वतंत्र नीग्रो शिपाई सुमारे चार वर्षे त्याच्या तैनातीस होता. ज्या देशात लक्षावधी नीग्रो गुराढोरांसारखे विकले जात, त्या देशात कोश्चुश्कोने त्यांचे हाल जवळून पाहिले. स्वातंत्र्यासाठी लढणारे लोकच दुसऱ्यांस दास करून ठेवतात, हे पाहून त्याच्या मनास जो चटका बसला, तो पुढे आयुष्यभर राहिला.

१७८४ मध्ये ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा घेऊन तो घरी आला व श्येख्नोवीत्से ह्या आपल्या लहानशा गावी राहू लागला. तेथे त्याने पहिले काम केले ते हे की, आपल्या कुळांतील पुरुषांची वेठ आठवड्यास दोन दिवसांवर आणली व बायकांस ती सर्वस्वी माफ केली. ह्यामुळे त्याचे उत्पन्न घटले व तो कर्जात बुडाला. तरी त्याने वेठ पुन्हा वाढविली नाही. परंतु येथे खरे ते सांगितले पाहिजे. त्याने वेठ कमी केली, कुळांस मोकळे मात्र केले नाही. त्यास अजून पुष्कळ वर्षे जावयाची होती.

पोलंडच्या दुर्बलतेचे मूळ केवळ शेजाऱ्यांच्या लोभात नव्हते. तेथील राजसभेत एका सभासदाने उठून नकार दिला की सर्व काम बंद पडे. शेजारचे राजे एखाद्या सरदारास लाच देत व सभा मोडवीत. ही खोड काढून टाकण्यासाठी शहाण्या पुढाऱ्यांनी ३ मे १७९१ रोजी नवी राज्यघटना मंजूर केली. तिने एका माणसाच्या नकाराचा अधिकार रद्द केला, शहरवासीयांचे हक्क मान्य केले व शेतकऱ्यांस कायद्याच्या छायेखाली घेतले. हे पाहून काही बडे सरदार संतापले. आपला मान कमी होण्यापेक्षा देश परक्याच्या हाती गेला तरी चालेल, अशा बुद्धीने त्यांनी तार्गोवीत्सा येथे कट जाहीर करून रशियाच्या राणीस, कॅथरिन हिला, मदतीस बोलाविले. १७९२ च्या युद्धात कोश्चुश्कोने दुबियेन्का येथे थोड्या फौजेनिशी मोठ्या सैन्यास दिवसभर थोपविले. परंतु राजाच कटवाल्यांस जाऊन मिळाला आणि लढाई थांबली. कोश्चुश्कोने हुद्द्याचा राजीनामा दिला. १७९३ मध्ये रशिया व प्रशिया ह्यांनी देशाचा दुसरा लचका तोडला.

२४ मार्च १७९४ रोजी क्राकोव शहराच्या बाजारचौकात कोश्चुश्कोने उठावाचे नेतृत्व स्वीकारले. ही सत्ता मी कोणावर जुलूम करण्यासाठी वापरणार नाही, देशाच्या रक्षणासाठीच वापरीन, अशा अर्थाची शपथ त्याने सर्वांसमक्ष घेतली. बंदुका थोड्या होत्या, म्हणून त्याने गावोगावच्या कुळांस हाक दिली. ते गवत कापावयाच्या लांब विळ्यांची पाती दांड्यास सरळ बसवून, त्यांचे भाले करून आले. ४ एप्रिल रोजी रात्सवावीत्से येथे रशियन फौजेशी गाठ पडली. विळेवाले शेतकरी धावत थेट तोफांवर चालून गेले. त्यांतील वोइचेख बार्तोश नावाच्या एका कुळाने तोफेची पेटती बत्ती आपल्या टोपीने विझविली, असे सांगतात. तोफा हाती आल्या व जय मिळाला. कोश्चुश्कोने त्या शेतकऱ्यास मानाची जागा दिली, व स्वतः कुळांचा साधा अंगरखा धारण केला. ज्या देशात सरदार शेतकऱ्यापासून चार हात दूर राहत, तेथे ह्या एका अंगरख्याने जे सांगितले ते शंभर भाषणांनी सांगितले नसते.

तथापि अंगरख्याने कोणाची वेठ सुटत नाही, हे तो जाणून होता. ७ मे १७९४ रोजी पोवान्येत्स येथील छावणीतून त्याने जाहीरनामा काढला. शेतकरी जातीने स्वतंत्र आहे. देणे फेडून व कोठे जातो ते कळवून त्यास गाव सोडता येईल. जो आपले काम नीट करतो त्याची जमीन धन्याने काढून घेऊ नये. आठवड्यास पाच किंवा सहा दिवसांची वेठ असेल तेथे दोन दिवस कमी व्हावे, आणि दोन, तीन किंवा चार दिवसांची असेल तेथे एक दिवस. असे त्यात ठरविले होते. पुष्कळ जमीनदारांनी हा हुकूम दाबून ठेवला. तोंडाने देशभक्ती बोलणारे हात मात्र आखडू लागले. इकडे शत्रू दोन झाले. कारण प्रशियाची फौजही रशियाच्या साहाय्यास आली. जूनमध्ये श्चेकोचिनी येथे पराभव झाला, व तेथेच जखमी होऊन तो बार्तोश मरण पावला.

तरीही उन्हाळाभर कोश्चुश्कोने वॉर्साचा वेढा परतविला. शहराच्या खंदकावर श्रीमंत, गरीब, ख्रिस्ती व यहूदी असे सर्व लोक खपले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात बेरेक योसेलेविच ह्या यहूदी पुढाऱ्याने त्याच्या संमतीने यहूदी स्वारांचे पथक उभारले. परंतु १० ऑक्टोबर रोजी मात्सेयोवीत्से येथील लढाईत कोश्चुश्को जबर जखमी होऊन रशियनांच्या हाती सापडला. नोव्हेंबरात वॉर्सा पडले, व १७९५ मध्ये तिन्ही शेजाऱ्यांनी उरलेला देशही वाटून घेतला. १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, पोलंड हे स्वतंत्र राज्य उरले नाही.

कोश्चुश्को सेंट पीटर्सबर्ग येथे कैदेत राहिला. १७९६ मध्ये कॅथरिन वारली व तिचा पुत्र पॉल ह्याने त्यास सोडले. आपल्याबरोबर हजारो पोलिश कैद्यांचीही सुटका व्हावी, म्हणून त्याने बादशाहाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. मानी पुरुषास ही शपथ किती कडू लागली असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. तेथून तो पुन्हा अमेरिकेस गेला. अमेरिकन सरकारकडून मागील नोकरीचे पैसे त्यास येणे होते, ते मिळाले. १७९८ मध्ये निघण्यापूर्वी त्याने मृत्युपत्र केले की, ह्या पैशाने नीग्रो दासांस विकत घेऊन मोकळे करावे व त्यांस शिक्षण देऊन शेतीची साधने द्यावी. ते अमलात आणण्याचे काम त्याने आपला मित्र टॉमस जेफरसन ह्याजकडे सोपविले. जेफरसन स्वतः शेकडो दासांचा धनी होता. पुढे त्याने ते काम नाकारले. कोश्चुश्कोने मागून केलेल्या दुसऱ्या मृत्युपत्रांमुळे कज्जे लागले. आणि १८५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पैसा युरोपातील नातलगांस दिला. एकही दास त्यातून मुक्त झाला नाही.

युरोपात परतल्यावर नेपोलियनने त्यास आपल्या बाजूस ओढू पाहिले. पोलंडच्या स्वातंत्र्याचे स्पष्ट वचन मिळेना, म्हणून तो गेला नाही. १८१५ मध्ये रशियाचा बादशाह अलेक्झांडर ह्याच्या गोड बोलण्यासही तो भुलला नाही. शेवटची वर्षे त्याने स्वित्झर्लंडमधील सोलोथुर्न गावी एका कुटुंबात काढली. त्याचे तेथील नाव गरिबांच्या तोंडी असे. त्याचा घोडा कोणी मागून नेला, तर वाटेत भिकारी दिसताच तो घोडा आपोआप थांबे. कारण धन्याने तेथे थांबून काही द्यावयाचे, हे त्यास ठाऊक झाले होते, अशी आख्यायिका आहे. २ एप्रिल १८१७ रोजी, मरणाच्या अवघ्या सहा महिने आधी, त्याने श्येख्नोवीत्से येथील आपली कुळे कायमची मुक्त केल्याचे लिहून दिले. रशियाच्या अमलाखाली तोही लेख व्यर्थ गेला. १५ ऑक्टोबर १८१७ रोजी तो मरण पावला.

जे काम त्याने मरतेवेळी केले, ते तीस वर्षांपूर्वी घरी परतल्यावर केले असते तर ती कुळे मोकळी झाली असती काय, असा प्रश्न आमच्या मनात येतो. तेव्हा लेखणी त्याच्या हाती होती. मागून ती परक्याच्या हाती गेली. चांगले काम उद्यावर टाकले म्हणजे उद्याचा धनी दुसराच कोणी असतो, हे ह्या चरित्रातून दिसते. तथापि ज्या गोष्टीची त्याने हाक दिली ती मेली नाही. प्रशियाने १८०७ मध्ये, ऑस्ट्रियाने १८४८ मध्ये व रशियाने १८६१ मध्ये भूमीचे दास्य रद्द केले. रशियाच्या ताब्यातील पोलंडमध्ये १८६४ साली जमीन कुळांच्या मालकीची झाली. अमेरिकेत १८६५ साली दासांस मुक्ती मिळाली.

त्याचे शव क्राकोव येथे राजांच्या समाधींजवळ ठेवले आहे. परंतु त्याचे खरे स्मारक त्या काळी शहराबाहेर असलेल्या जागी आहे. १८२० पासून १८२३ पर्यंत लोकांनी तेथे त्याच्या नावे मातीचा मोठा ढिगारा रचला. सरदार आले, विद्यार्थी आले, आणि गावाबाहेर पाऊल टाकावयास ज्यांस पूर्वी मुभा नसे असे शेतकरीही आले. रात्सवावीत्से व इतर रणभूमींवरील माती त्यात मिसळली. पाटीपाटीने वाहिलेल्या त्या मातीची टेकडी अद्याप उभी आहे, व चढून गेल्यास तेथून चहूंकडचा प्रदेश दिसतो.