दुसऱ्यांच्या धर्मासाठी शीर देणारे गुरु तेगबहादूर

दिल्लीच्या चांदणी चौकातील गुरुद्वारा सीसगंज साहिब आपण पाहिला असेल. शिखांचे नववे गुरु तेगबहादूर यांचे बलिदान येथेच झाले.

त्यांचा जन्म १६२१ मध्ये अमृतसरला झाला. मूळ नाव त्यागमल. करतारपूरच्या लढाईत पराक्रम गाजवल्यावर ते तेगबहादूर झाले. पुढे अनेक वर्षे ते बकाला गावी साधनेत रमले. १६६४ मध्ये गुरुपद त्यांच्याकडे आले.

१६७५ मध्ये धर्मांतराच्या सक्तीने गांजलेले काश्मिरी पंडित आनंदपूरला त्यांना शरण आले. जानवे घालणे गुरु नानकांनीच नाकारले होते. तरीही ते घालणाऱ्यांच्या रक्षणासाठी नववे गुरु औरंगजेबाच्या सत्तेपुढे उभे राहिले. भाई मतीदास, भाई सतीदास आणि भाई दयाला या शिष्यांना हालहाल करून मारले, तरी गुरु डगमगले नाहीत. ११ नोव्हेंबर १६७५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. भाई जैता यांनी शीर आनंदपूरला नेले. लखी शाह वंजारा यांनी धडाला अग्नी देण्यासाठी स्वतःचे घर पेटवले. तेथे आज गुरुद्वारा रकाबगंज साहिब आहे.

आपल्या श्रद्धेसाठी आपण सारेच झटतो. शेजाऱ्याच्या वेगळ्या श्रद्धेवर संकट आले, तर आपण काय करू? आज स्वतःला एवढे विचारून पाहा.