परमेश्वराचा वास्तुशिल्पी : आंतोनी गौदी

या महोत्सवप्रसंगीं आपल्या देवमंदिराच्या बांधणाऱ्यांचें स्मरण होणें साहजिक आहे. म्हणून मंदिरासाठींच आयुष्य वेंचणाऱ्या एका वास्तुशिल्प्याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

आंतोनी गौदी यांचा जन्म स्पेन देशांतील कातालोनिया प्रांतीं २५ जून १८५२ रोजीं झाला. वडील तांबट होते. सपाट पत्र्याला घाट कसा येतो हें गौदींनीं घरींच पाहिलें. १८७८ सालीं त्यांनीं बार्सिलोना येथें वास्तुशिल्पाची पदवी मिळविली. तेथील पवित्र कुटुंबाच्या मंदिराची कोनशिला १८८२ सालीं संत योसेफाच्या सणादिवशीं बसली होती. पुढील वर्षीं तें काम गौदींकडे आलें व मरणापर्यंत त्यांच्याकडेच राहिलें. १८९४ च्या प्रायश्चित्तकाळांत त्यांनीं असा कडक उपास केला कीं तो प्राणावर बेतला.

त्यांच्या बांधणीचें मर्म साधें आहे. दोन काठ्या एकीवर एक न टेकवितां परस्परांस तिरप्या धराव्या, दोहोंवर समान अंतरानें खुणा कराव्या, आणि खुणेपासून खुणेपर्यंत दोऱ्या ताणाव्या. प्रत्येक दोरी सरळच. परंतु सर्व मिळून खोगिरासारखें पीळदार पृष्ठ होतें. जणू एकच सरळ रेषा सरकत जाऊन तें घडविते. म्हणून असें पृष्ठ रचण्यास गवंड्याला सरळ पट्टी व दोरी पुरते. १९०९ सालीं कामगारांच्या मुलांसाठीं मंदिराशेजारीं बांधलेल्या शाळेचें लाटांसारखें छप्परही सरळ रेषांचेंच आहे. खोगिराच्या आकृतींत गौदी पवित्र त्रैक्याची खूण पाहत: दोन रेषा म्हणजे पिता व पुत्र, आणि त्यांस जोडणारी तिसरी म्हणजे पवित्र आत्मा.

७ जून १९२६ रोजीं त्यांस ट्रामचा धक्का लागला. जीर्ण वस्त्रांमुळें कोणी ओळखलें नाहीं. गोरगरिबांच्या रुग्णालयांत १० जून रोजीं त्यांनीं देह ठेविला. मंदिराच्या तळघरांत त्यांचें दफन झालें. त्या वेळीं प्रभुजन्माच्या दर्शनी बाजूवरील चार मनोऱ्यांपैकीं एकच पुरा झाला होता. १९३६ सालीं यादवी युद्धांत त्यांचे नकाशे जळाले, प्लास्टरचे नमुने फुटले. तथापि प्रत्येक आकार भूमितीच्या नियमानें बांधलेला असल्यामुळें, उरलेल्या तुकड्यांवरून मागील लोकांस तो पुन्हां शोधून काढतां आला. ७ नोव्हेंबर २०१० रोजीं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं मंदिराचें अभिषेचन केलें. १४ एप्रिल २०२५ रोजीं ख्रिस्तसभेनें गौदींस पूजनीय म्हणून घोषित केलें.

आरंभिलेलें कार्य आपल्या हयातींत पुरें न झाल्यास आपण खिन्न होतों. आम्हांस वाटतें, गौदींनीं मागें नियम ठेविला म्हणून त्यांचें काम थांबलें नाहीं. आपल्या पूर्वजांनीं श्रद्धेची जी रेषा आंखून दिली, ती सरळ ठेवण्याची कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो.