खाँसाहेबांचा तंबोरा

नातीसाठी तंबोरा घ्यायचा होता. पूर्ण मापाचा तंबोरा तिने मांडीवर धरला की पोर त्यामागे दिसेनाशीच व्हायची. अखेर आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्याच एका जुन्या वाड्यातून वापरलेला, आखूड दांडीचा बायकी तंबोरा मिळाला. भोपळ्यावर बारीक चीर, खुंट्या झिजलेल्या. पण जवारी काढून घेतली आणि घर भरून गेले. तो मिरजेचा होता. मला लगेच आठवले ते अब्दुल करीम खाँ.

मिरजेच्या तंबोऱ्याची कुळकथा तलवारीपासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेब नावाचे शिकलगार वाद्यांकडे वळले. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढीजात हात एवढ्या भांडवलावर एक अख्खी गल्ली उभी राहिली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

याच गावी खाँसाहेब आले आणि मिरजेचेच झाले. जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. घरात गाणे आणि सारंगी. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात गायक म्हणून राहिले. तिथल्या सरदार घराण्यातल्या ताराबाई माने त्यांच्याकडे गाणे शिकत. शिकता शिकता मने जुळली. धर्म वेगळे, दरबाराचा रोष ठरलेला. दोघांनी बडोदा सोडले, मुंबई गाठली आणि पुढे मिरजेत बिऱ्हाड केले. इथे प्लेगने गाठलेले खाँसाहेब मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आश्रयाने बरे झाले, असे मिरजकर आजही श्रद्धेने सांगतात.

त्यांचे सारे गाणे सुरावर उभे होते. तंबोरा मनासारखा लागल्याशिवाय तोंडातून आलाप निघायचा नाही. घोडीची पाठ किंचित गोल असते आणि तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर सरकला तरी नाद बदलतो. हे काम त्यांना स्वतःला येत होते. बीन, सारंगी ते वाजवत आणि वाद्ये दुरुस्तही करत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स बावीस श्रुतींचा शोध घेत होते, तेव्हा त्या श्रुती गळ्यातून दाखवायला खाँसाहेबच पुढे झाले. दक्षिणेचे संगीतही त्यांनी आवडीने आत्मसात केले, त्यागराजांची रचना ध्वनिमुद्रित केली. टिपू नावाच्या कुत्र्यालाही त्यांनी सूर लावायला शिकवले होते, हा किस्सा तर गायकांच्या बैठकीत हमखास निघतो.

१९१३ मध्ये त्यांचे आर्य संगीत विद्यालय पुण्यात सुरू झाले. मुले तिथेच राहत, जेवत, शिकत. त्याआधीच कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्याकडे शिकले होते. पुढे सवाई गंधर्व म्हणून ते गाजले आणि त्यांच्याकडून हे गाणे भीमसेन जोशींपर्यंत पोहोचले.

एवढे सूर जुळवणाऱ्या माणसाचे घर मात्र जुळले नाही. १९२२ मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाला, चंपाकळी हिराबाई झाली. बँकेत आयुष्यभर खाती जुळवली म्हणून मला सवय आहे, पण इथे कोणाच्या नावे काय टाकावे हे मला ठरवता येत नाही. सर्वस्व सोडून आलेल्या बाईने दुसऱ्यांदा घर सोडले, यामागे काही तरी मोठे दुखणे असणार. आणि शिष्यांचा गराडा असलेल्या बापाची स्वतःच्या लेकरांवाचूनची संध्याकाळ कशी जात असेल?

गाण्याने मात्र नाते तोडले नाही. हिराबाईंना तालीम दिली ती प्रामुख्याने किराण्याच्याच अब्दुल वहीद खाँनी. बापाचा सूर लेकीच्या गळ्यात आला तो असा वळसा घेऊन. शालीन घरातली बाई मैफलीत सन्मानाने बसून गाते, हे महाराष्ट्राला पटवून देणाऱ्यांत हिराबाई बडोदेकर अग्रणी ठरल्या.

ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीकडे निघालेल्या गाडीत खाँसाहेबांच्या छातीत कळ आली. सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर शिष्यांनी त्यांना उतरवले. त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला. नमाज पढून ते दरबारीच्या सुरांत अल्लाचे नाव घेत राहिले आणि फलाटावरच शांत झाले. तारीख २७. देह मिरजेला आणला, दर्ग्याच्या आवारात विसावला. तिथे दरवर्षी उरुसात गायक-वादक हजेरी लावतात.

काल नात विचारत होती, तंबोरा लावायला इतका वेळ का लागतो? मी तिला फलाटावरच्या त्या रात्रीची गोष्ट सांगितली. तिने मणी हलकेच खाली सरकवला, कान लावला, आणि पुन्हा वर सरकवला.