बुगाटी सुसाट पळवली म्हणून केस झाली, आणि त्याच केसमुळे जेआरडींचं लग्न जमलं

पुणे-बंगळुरू हायवेवर कराडच्या आसपास रात्री थांबलात, तर सायलेन्सर बदललेली एखादी गाडी कानठळ्या बसवत निघून जाते. कंपनीने बनवलेल्या गाडीत मनाला येईल तसे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. पण हौसेला मोल नसतं. हीच हौस शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एका पोराला होती. त्याचं नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे आपले जेआरडी.

जन्म २९ जुलै १९०४, पॅरिस. आई सुझान फ्रेंच. भारतात गाडी चालवणारी पहिली स्त्री म्हणून तिचंच नाव घेतलं जातं, म्हणजे स्टिअरिंग घरातूनच आलेलं. फ्रान्समध्ये हार्डेलोच्या समुद्रकिनारी शेजार होता लुई ब्लेरियोचा. विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारा तो हाच. तिथेच १५ व्या वर्षी जेआरडी विमानात बसले आणि पायलट व्हायचं ठरवूनच खाली उतरले.

१९२५ मध्ये मुंबईत टाटांकडे बिनपगारी उमेदवारी सुरू झाली. पुढच्याच वर्षी वडील गेले आणि बाविशीतला हा पोरगा टाटा सन्सचा संचालक झाला. दिवसा ऑफिस, आणि ऑफिस सुटलं की बुगाटी.

ही बुगाटी काय चीज होती? त्या काळातली तिची सगळ्यात गाजलेली रेसिंग कार म्हणजे १९२४ ची टाइप ३५. दोन लिटरचं इंजिन, एका रांगेत आठ सिलिंडर, ॲल्युमिनियमची चाकं आणि वजन जेमतेम साडेसातशे किलो. आज ट्यूनिंगवाले इंजिनाचा कॉम्प्युटर बदलून ताकद वाढवतात. एत्तोरे बुगाटीने वजनावरच कात्री चालवली. गाडी ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जायची, तीही बैलगाड्यांच्या जमान्यात!

मुंबईच्या रस्त्यावर मात्र ट्राम, टांगे आणि पायी चालणारी माणसं होती. भरधाव बुगाटी चालवल्याबद्दल जेआरडींवर केस झाली. (योग्यच झाली. नाव टाटा असलं म्हणून रस्ता खासगी होत नाही.) बचावासाठी त्यांनी जॅक विकाजी हे वकील गाठले. तिथे भेटली वकिलांची पुतणी थेल्मा. डिसेंबर १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं.

तोवर वेगाला दुसरी वाट मिळाली होती. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांच्या हातात वैमानिकाचं लायसन्स आलं, भारतात दिलेलं पहिलंच. १९३० मध्ये आगाखान यांनी इंग्लंड-भारत एकट्याने उडण्याची स्पर्धा लावली. जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर हा कोवळा पोरगा इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगअभावी अस्पी अडकून पडला होता. जेआरडींनी प्रतिस्पर्ध्याला आपल्याकडचा प्लग देऊन टाकला. अस्पी जिंकला, जेआरडी थोडक्यात हरले. हाच अस्पी पुढे भारताचा हवाई दलप्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जेआरडी अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. एअर इंडियाची सुरुवात ती हीच. गंमत म्हणजे त्यांच्या पस मॉथ विमानाचा वेग रेसच्या बुगाटीच्या जवळपासच होता. फरक एवढाच, की इथे बक्षीस वेळेत पोचण्याला होतं. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल व्हायचा, तेव्हा अख्खी सेवा पुण्याला हलायची. तरीही पहिल्याच वर्षी सरकारी विमान खात्याने त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं.

१९३८ मध्ये ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. १९५३ मध्ये सरकारने एअर इंडिया ताब्यात घेतली. निर्णय जेआरडींना पटला नव्हता, तरी अध्यक्षपद त्यांनीच सांभाळलं. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते छोट्या लेपर्ड मॉथमध्ये बसले आणि कराची ते मुंबई पुन्हा एकदा स्वतः उडवत आले.

२९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. दफन पॅरिसमध्ये, पेर लाशेज कब्रस्तानात.